साडेसातशे किलोंचा नियम

शर्यतीआधी गाडी वजनकाट्यावर चढवायची. आतलं इंधन काढलेलं, तेल काढलेलं, पाणी काढलेलं, टायरसुद्धा उतरवलेले. काटा ७५० किलोच्या पुढे सरकला की गाडी बाद. १९३४ ते १९३७ अशी चार वर्षं युरोपातल्या ग्रां प्री, म्हणजे सगळ्यात मोठ्या मोटार शर्यतींचा मुख्य नियम हा एवढाच होता. बॉडीची रुंदी अमुक हवी, शर्यत निदान पाचशे किलोमीटरची हवी, अशी दोनतीन कलमं होती, पण इंजिन किती मोठं असावं आणि त्यात काय जाळावं, याला बंधन नव्हतं.

नियम करणाऱ्यांचा हिशोब सरळ होता. गाड्या फार वेगात पळायला लागल्यात, माणसं मरतायत, तेव्हा वजनाला लगाम घाला. हलक्या गाडीत जड इंजिन बसणार नाही, मग इंजिन लहान होईल आणि वेग आपोआप उतरेल. झालं नेमकं उलटं. तीन वर्षांत या गाड्यांनी जी ताकद गाठली, ती ग्रां प्रीच्या गाड्यांना पुन्हा गाठायला १९८० चं दशक उजाडावं लागलं. जुन्या रेसिंग कार आणि त्या चालवणारी माणसं समजून घ्यायची, तर माझ्या मते या फसलेल्या नियमापासून सुरुवात करावी.

आधी एका शब्दाचा निकाल लावतो. आपण जुनी दिसली की गाडीला ‘विंटेज’ म्हणून मोकळे होतो. १९३४ साली स्थापन झालेल्या इंग्लंडमधल्या विंटेज स्पोर्ट्स-कार क्लबला विचाराल, तर विंटेज म्हणजे साधारण पहिल्या महायुद्धानंतरची आणि १९३० पर्यंतची. त्या मापाने आजच्या लेखातल्या बहुतेक गाड्या विंटेज ठरतच नाहीत. क्लबवाल्यांची माफी मागून मी आपला बोलीतलाच अर्थ धरतो.

वजनावर बंधन घालण्याची कल्पनाही नवी नव्हती. १९०६ साली फ्रान्समध्ये ल मां इथे पहिली ग्रां प्री झाली, तेव्हा मर्यादा एक हजार किलोंची होती. दोन दिवस, बारा फेऱ्या, एकूण बाराशे किलोमीटरच्या वर अंतर. जिंकला फेरेन्त्स सिस हा रेनोचा हंगेरियन ड्रायव्हर, ताशी सरासरी शंभर किलोमीटरच्या जरा वर. त्याच्या गाडीचं इंजिन होतं तेरा लिटरचं. आपल्याकडच्या साध्या छोट्या मोटारीचं इंजिन एक-सव्वा लिटरचं असतं, म्हणजे दहा गाड्यांची इंजिनं एकत्र केल्यासारखं, आणि एवढ्या धुडाची ताकद शंभर अश्वशक्तीच्या आसपास. तेव्हा ताकद वाढवायची म्हणजे सिलिंडर मोठा करायचा, एवढंच ठाऊक होतं. सिस जिंकला त्यात इंजिनाइतकाच वाटा मिशलँ या टायर कंपनीच्या सुटणाऱ्या रिमचा होता. टायर फाटला की बाकीचे सुरीने रबर कापून काढत बसायचे, सिसचा मेकॅनिक बोल्ट सैल करून टायरसकट अख्खी रिम बदलायचा.

हो, मेकॅनिक. तेव्हा गाडीत दोघं असायचे. ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला हा माणूस तेलाचा पंप मारायचा, मागून कोण येतंय ते बघायचा, टायर बदलायचा आणि गाडी उलटली की बहुधा तोही मरायचा. १९२५ पासून ग्रां प्रीमध्ये त्याला गाडीत बसायला बंदी झाली. तरी त्याची रिकामी जागा काही वर्षं गाडीत तशीच राहिली. खऱ्या अर्थाने एकाच माणसाभोवती बांधलेली ग्रां प्री गाडी आली १९३२ मध्ये. ती अल्फा रोमिओची, व्हित्तोरियो यानो या इंजिनियरची. लोक तिला पी-थ्री म्हणतात. पुढच्या गोष्टीत ती पुन्हा येणार आहे.

आता मूळ प्रश्न. वजन बांधून टाकलं, तरी ताकद कशी वाढली?

इंजिनात इंधन जळायला हवा लागते. इंधन हवं तेवढं ओतता येतं, पण हवा पिस्टन खाली जाताना जेवढी ओढून घेईल तेवढीच आत येते. चुलीत लाकडं कितीही कोंबली तरी फुंकल्याशिवाय जाळ होत नाही, तसंच. लोहार यासाठी भाता वापरतो. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाला जोडलेला भाता. तो इंजिनाच्याच फिरण्यावर चालतो आणि हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. इंजिन तेवढंच, पण त्यात हवा जास्त, म्हणून इंधन जास्त आणि म्हणून जोर जास्त. १९२३ साली फियाटने अशा गाडीवर इटलीतल्या मोन्झाची ग्रां प्री जिंकून दाखवली आणि मग सगळेच भात्याच्या मागे लागले.

पण हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप हाताला गरम लागतो, तेच. तापलेल्या हवेत मिश्रण भलत्या वेळी पेटतं आणि पिस्टनला भोक पडतं. यावर उपाय सापडला तो मिथेनॉल म्हणजे लाकडी स्पिरिटचा. त्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता भरपूर शोषून घेतं. माठातलं पाणी थंड राहतं त्याचंही कारण हेच. मिथेनॉलमुळे इंजिन आतून थंड राहिलं आणि भात्याचा दाब आणखी वाढवता आला. किंमत एकच, हे इंधन पाण्यासारखं लागतं. या गाड्या एका किलोमीटरला लिटरभराच्या आसपास इंधन पीत. म्हणजे टाकी मोठी हवी, आणि तरीही शर्यतीच्या मध्यात थांबून ती भरायला हवी. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे दोन शर्यतींचा निकाल याच एका गोष्टीने फिरणार आहे.

राहिलं वजन. तिथे हलके मिश्रधातू आले, नळीचे सांगाडे आले, कागदासारखा पातळ पत्रा आला. मर्सिडीजने १९३४ मध्ये ३.४ लिटरच्या इंजिनाने साडेतीनशे अश्वशक्तीपासून सुरुवात केली, १९३७ मध्ये ५.७ लिटर आणि सहाशेच्या घरात पोचली. वजन तेच, साडेसातशे. या सगळ्याला अफाट पैसा लागतो आणि तो कुठून आला हे झाकून या गाड्यांचं कौतुक करणं मला जमत नाही. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि जर्मन गाड्यांनी जगाला हरवावं म्हणून सरकारी तिजोरीतून मर्सिडीज आणि ऑटो युनियन या दोघांना मदत सुरू झाली. ऑटो युनियन म्हणजे आउडी, डीकेडब्ल्यू, होर्श आणि वांडरर या चार कंपन्यांची मोट. आजच्या आउडीच्या नाकावरची चार वर्तुळं त्या चौघांचीच.

जर्मन गाड्यांचा ठरलेला रंग पांढरा. तो चंदेरी कसा झाला, याची एक लाडकी कथा आहे. १९३४ च्या जून महिन्यात जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग या शर्यतीच्या रस्त्यावर काटा एक किलो जास्त दाखवू लागला, तेव्हा मर्सिडीजचा संघप्रमुख आल्फ्रेड नॉयबाउअर याने रातोरात पांढरा रंग खरवडून काढायला लावला आणि सकाळी उघड्या ॲल्युमिनियमच्या गाड्या उभ्या राहिल्या. कथा झकास आहे, नॉयबाउअरनेच नंतर रंगवून सांगितलेली आहे, आणि इतिहासकारांचा तिच्यावर फारसा विश्वास नाही. त्या शर्यतीला वजनाचा नियम लागू होता का, इथपासून शंका आहे.

ताकद आली, पण ती जमिनीपर्यंत पोचवायची कोणी? टायर अरुंद होते, आजच्या एखाद्या मोटरसायकलला शोभतील असे. ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला की ताशी दोनशेच्या वेगातही मागची चाकं नुसतीच भिरभिरायची. त्यात चाकं धरणाऱ्या सांध्याची गंमत. बैलगाडीचा आस अखंड असतो. एक चाक दगडावर चढलं की दुसरंही तिरकं होतं. जर्मन इंजिनियरांनी मागचा आस मधोमध तोडून दोन्ही बाजूंना पक्ष्याच्या पंखासारखा हलता ठेवला. सरळ रस्त्यावरच्या खड्ड्यांत याचा फायदा होता. पण वळणावर गाडीचं मागचं अंग उचललं गेलं की पंख खाली झुकायचा, चाक आतल्या बाजूला तिरकं व्हायचं, टायरची फक्त कड जमिनीला टेकायची आणि गाडीचं शेपूट एकदम बाहेर फेकलं जायचं.

ऑटो युनियनमध्ये हे दुखणं दुप्पट. फर्डिनांड पोर्शे यांनी तिचं सोळा सिलिंडरचं इंजिन ड्रायव्हरच्या मागे ठेवलं आणि टाकी मधोमध, म्हणजे इंधन संपत गेलं तरी पुढच्या-मागच्या चाकांवरच्या भाराचा तोल बिघडत नाही. कल्पना काळाच्या कितीतरी पुढची. पण ड्रायव्हर बसायचा पार पुढे, जवळजवळ पुढच्या चाकांपाशी. मागे शेपूट सुटलंय हे त्याच्या पाठीला कळायचंच उशिरा. मोटारीच्या सवयीचे कसलेले ड्रायव्हर या गाडीपुढे हात टेकायचे. ती वश झाली बेर्न्ट रोझेमायर या पोराला. १९३५ पर्यंत तो मोटरसायकलवाला होता, मोटारींच्या शर्यतीत उतरलाच नव्हता. गाडी कशी वागायला हवी, याची त्याला आधीची कल्पनाच नव्हती आणि तेच कामी आलं असावं. पुढच्याच वर्षी तो युरोपचा विजेता झाला. १९३६ च्या जूनमध्ये न्युर्बुर्गरिंगवर इतकं धुकं उतरलं की बाकीचे अंदाजाने गाडी हाकत होते, तेव्हा हा ऑटो युनियन घेऊन निघाला आणि जिंकून आला.

म्हणून मी म्हणतो, त्या काळात ड्रायव्हर हा गाडीचा शेवटचा सुटा भाग होता. इंजिन जेवढं पुढे गेलं तेवढे टायर, ब्रेक, सांधे गेले नाहीत आणि मधली फट माणसाने भरायची. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. चेकोस्लोव्हाकियाची एलिश्का युंकोवा ही बुगाटी चालवायची. सिसिलीतल्या तार्गा फ्लोरिओची एक फेरी १०८ किलोमीटरची, डोंगरातली, असंख्य वळणांची. ताकदीच्या जोरावर ही शर्यत आपल्याला जमणार नाही हे ओळखून तिने आधी जाऊन रस्ता पाहिला, खुणा हेरल्या, पाठ केला. १९२८ मध्ये दुसऱ्या फेरीअखेर ती सगळ्यांच्या पुढे होती, शेवटी पाचवी आली. त्याच उन्हाळ्यात तिचा नवरा न्युर्बुर्गरिंगवर शर्यतीत मारला गेला आणि तिने शर्यती सोडल्या.

आणि मग ताझियो नुव्होलारी. मांतोव्हाजवळचा, बुटका, काटकुळा, पिवळा सदरा आणि निळी विजार घालणारा. डोक्यावर कापडी टोपी, कमरेला पट्टा नाही. पट्टा कोणीच बांधत नसे. गाडी पेटली तर बाहेर फेकलं जाणंच बरं, असा तेव्हाचा हिशोब. जगातल्या सगळ्यात वेगवान माणसाला सगळ्यात संथ प्राणी, असं म्हणून कवी दानुन्झिओने त्याला सोन्याचं कासव भेट दिलं होतं.

२८ जुलै १९३५, जर्मन ग्रां प्री, न्युर्बुर्गरिंग. एक फेरी पावणेतेवीस किलोमीटरची, अशा बावीस. हवा ओली, गर्दी प्रचंड, मर्सिडीजच्या पाच गाड्या आणि ऑटो युनियनच्या चार. समोर नुव्होलारीची अल्फा पी-थ्री, तीच १९३२ ची, एन्झो फेरारीच्या संघाने वाढवून-ठोकून चालू ठेवलेली. ताकद २६५ अश्वशक्तीच्या आसपास, मर्सिडीजकडे चारशेच्या वर. कागदावर ही शर्यतच नव्हती.

पण न्युर्बुर्गरिंग म्हणजे घाट. सरळ रस्ता कमी, वळणं दीडशेच्या पुढे, चढ, उतार, मधेच गाडी हवेत उडते असे उंचवटे. ओल्या वळणावर चारशे अश्वशक्ती असल्या काय आणि दोनशे असल्या काय, टायर जेवढं पेलेल तेवढंच खरं. तिथे नुव्होलारी गाडी वळणाआधीच आडवी टाकायचा, चारही चाकं एकत्र घसरू द्यायचा आणि त्या घसरण्यावरच वळण काढायचा. दहाव्या फेरीच्या सुमाराला तो पहिला होता.

मग सगळे इंधनाला आले. मर्सिडीजने मानफ्रेड फॉन ब्राउखिचची गाडी ४७ सेकंदांत बाहेर काढली. अल्फाच्या पिटमध्ये, म्हणजे इंधन-टायर घ्यायच्या थांब्यावर, इंधन ढकलणारा पंप मोडला. डबे आणून हाताने ओतावं लागलं. नुव्होलारी नाचत, ओरडत होता म्हणतात. २ मिनिटं १४ सेकंद गेली आणि तो सहाव्या जागेवर उतरला.

इथून पुढे त्याने जे केलं, ते मला आकड्यांत नीट सांगता येत नाही. एकेक जर्मन गाडी मागे पडत गेली. शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा पुढे फक्त ब्राउखिच उरला होता, साधारण अर्ध्या मिनिटाची आघाडी घेऊन. एवढी आघाडी पुरेशी होती. पण ब्राउखिच टायर खाणारा ड्रायव्हर म्हणून प्रसिद्ध, आणि मागे नुव्होलारी असल्यामुळे तो आणखी जोरात हाकत होता. टायरच्या आतलं पांढरं कापड दिसायला लागलं होतं. थांबला असता तर शर्यत गेली असती. शेवट काही किलोमीटरवर असताना मागचं डावं टायर फुटलं. चार तास आठ मिनिटांनी लाल अल्फा रेषेपलीकडे गेली, तेव्हा सलामीला उभ्या असलेल्या नाझी अधिकाऱ्यांची तोंडं कशी झाली असतील याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत. त्याच्यामागून आलेले तिघं, म्हणजे श्टुक, काराचोला, रोझेमायर, सगळे जर्मन. ब्राउखिच पाचवा, रिमवर गाडी रखडवत.

नुव्होलारीला नशीबवान म्हणणारे आहेत. टायर फुटलं म्हणून जिंकला, हे खरंच. पण ते टायर कोणी झिजवलं?

१९३७ नंतर नियम बदलला. वजन राहू दे, इंजिनच बांधा, भाता असेल तर तीन लिटर, नसेल तर साडेचार. जर्मनांनी भाता ठेवला. १९३८ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या पो शहराच्या गल्ल्यांतून शर्यत झाली, तेव्हा फ्रेंच देलाएची बिनभात्याची गाडी मर्सिडीजसमोर उभी राहिली. ताकद जवळपास निम्मी. पण शंभर फेऱ्या ती एका टाकीत काढणार होती, मर्सिडीजला मात्र थांबून तहान भागवणं भाग होतं. मर्सिडीज थांबली, काराचोला उतरला, त्याच्या जागी संघातला दुसरा ड्रायव्हर लांग बसला आणि देलाए जवळजवळ दोन मिनिटांनी जिंकली. चालवत होता रने ड्रेफ्यूस. त्याचे वडील ज्यू होते, त्यामुळे जर्मन संघांची दारं त्याला बंद होती. पुढे तो अमेरिकेत गेला आणि न्यूयॉर्कमध्ये रेस्टॉरंट चालवलं.

त्याआधी जानेवारीत रोझेमायर गेला होता, शर्यतीत नाही, हट्टात. फ्रँकफर्ट–डार्मश्टाट महामार्गावर सकाळी काराचोलाने ताशी ४३२ किलोमीटरचा विक्रम केला. तो मोडायला त्याच दिवशी रोझेमायर निघाला. वारा सुटला होता. बाजूने झोत आला आणि गाडी रस्त्यावरून उडाली. तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

त्याच्या रिकाम्या गाडीत पुढे कोण बसलं, तर नुव्होलारी. पंचेचाळिशीत तो ऑटो युनियनची ती अवघड गाडी शिकला आणि १९३८ ची इटालियन ग्रां प्री तिच्यावर जिंकला. ३ सप्टेंबर १९३९ ला बेलग्रेडच्या रस्त्यांवर तो पुन्हा जिंकला. युद्ध पेटून दोन दिवस झाले होते आणि त्याच दिवशी ब्रिटन आणि फ्रान्सने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. शर्यतीला गाड्या होत्या अवघ्या पाच.

युद्धात ऑटो युनियनच्या गाड्या जर्मनीतल्या त्स्विकाउच्या परिसरातल्या खाणीत लपवल्या. रशियन सैन्याला त्या सापडल्या, आगगाडीत घालून नेल्या, कारखान्यांत खोलून पाहिल्या आणि बहुतेक भंगारात गेल्या. अनेक वर्षांनी पॉल कारासिक नावाच्या अमेरिकन संग्राहकाने सोव्हिएत हद्दीत हिंडून कुठे सांगाडा, कुठे इंजिन, कुठे आस असे तुकडे गोळा केले आणि इंग्लंडमधल्या कारागिरांनी त्यांतून पुन्हा गाड्या उभ्या केल्या. पत्रा नवा, कित्येक भाग नवे. दांडा बदललेली, पातं बदललेली कुऱ्हाड तीच का, यावर जाणकार अजून भांडतात. २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या गुडवुडला या चंदेरी गाड्या पुन्हा एकत्र धावल्या. प्रत्येक इंजिन सुरू करण्याआधी तेल गरम करून ओतावं लागतं, आणि धूर येतो त्याला डोळे चुरचुरणारा वास असतो, त्याच स्पिरिटाचा.